चित्राळचा वेढा, १८९५: किल्ला राखला कुणी?

हेमंतऋतू

चित्राळच्या वेढ्यावर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. जे सापडतं ते पाच-सहा इंग्रज अधिकाऱ्यांभोवती फिरतं: रॉबर्टसन, टाउनशेंड, हार्ली, व्हिटचर्च. माणसं शूर होती, त्याबद्दल वाद नाही. पण किल्ल्यातल्या चारशेच्या आसपास बंदुका जवळजवळ सगळ्या हिंदी शिपायांच्या हातात होत्या. त्यातले सुमारे शंभर १४व्या शीख पलटणीचे आणि बाकीचे तीनशे चौथ्या काश्मीर रायफल्सचे, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या महाराजांच्या पदरचे डोगरे आणि गुरखे. हा धागा त्यांच्यासाठी काढतोय.

आधी जागा समजून घेऊ. हिंदुकुशच्या कुशीत (आज पाकिस्तानात) चित्राळ नदीच्या पश्चिम काठावर हा किल्ला आहे. उत्तरेला ७,७०८ मीटरचं तिरिच मीर. दक्षिणेला दीर आणि पेशावरकडे जायचं तर लोवारी खिंड, पूर्वेला गिलगितकडे जायचं तर ३,७०० मीटर उंचीची शांदूर. दोन्ही खिंडी हिवाळ्यात बर्फाने बुजतात. उत्तरेच्या बरोघिल आणि पश्चिमेच्या दोराह खिंडीपलीकडे वाखान आणि बदख्शान, आणि त्यापलीकडे रशिया. कलकत्त्यातल्या सरकारला चित्राळची काळजी होती ती या खिंडींमुळे.

तिथल्या राजाला मेहतर म्हणत. १८९२ मध्ये म्हातारा अमान-उल-मुल्क वारला आणि भाऊबंदकी पेटली. मुलगा अफझल गादीवर बसला, त्याला चुलता शेर अफझलने मारलं. शेर अफझलला हुसकून दुसरा मुलगा निझाम आला, त्याला १ जानेवारी १८९५ रोजी धाकट्या भावाने, अमीर-उल-मुल्कने मारवलं. ही संधी साधून दक्षिणेकडून जंदोलचा उमरा खान लोवारी ओलांडून आत घुसला आणि शेर अफझल त्याला येऊन मिळाला. गिलगितचा ब्रिटिश एजंट जॉर्ज रॉबर्टसन (मूळचा लष्करी डॉक्टर) थोडी फौज घेऊन चित्राळला पोचला आणि थेट राजाच्या किल्ल्यातच जाऊन बसला. त्याने अमीरला पदच्युत केलं आणि शुजा-उल-मुल्क या कोवळ्या पोराला हंगामी मेहतर म्हणून बसवलं.

३ मार्चला संध्याकाळी शेर अफझलचा अदमास घ्यायला दोनशेच्या आसपास काश्मिरी शिपाई बाहेर पडले. समोर चांगल्या बंदुका आणि नेमबाज पठाण. अंधार पडता पडता माघार घ्यावी लागली. या एका संध्याकाळी काश्मीर दलाचे जनरल बाज सिंग आणि मेजर भिकम सिंग हे दोन्ही वरिष्ठ हिंदी अधिकारी पडले. कॅप्टन कॅम्पबेलचा गुडघा फुटला, म्हणून किल्ल्याचं नेतृत्व टाउनशेंडकडे आलं. कॅप्टन बेअर्ड दूरवर जखमी होऊन पडला होता. त्याला सर्जन-कॅप्टन व्हिटचर्चने आणि मूठभर काश्मिरी शिपायांनी रात्री शत्रूमधून वाट काढत किल्ल्यात आणलं. डोलीजवळच काही शिपाई ठार झाले. बेअर्ड दुसऱ्या दिवशी गेला. व्हिटचर्चला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायाला तो मिळूच शकत नव्हता, कारण १९११ पर्यंत तसा नियमच नव्हता.

बाज सिंग आणि भिकम सिंग यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? पुढचे दीड महिने जे तीनशे शिपाई तटावर उभे राहिले, त्यांनी आपले दोन्ही वडीलधारे पहिल्याच दिवशी गमावले होते. एवढं होऊनही ते उभे राहिले, हे मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोठं वाटतं.

आता किल्ला. सह्याद्रीतल्या कातळकोरीव गडांची सवय असलेल्या आपल्याला तो विचित्र वाटेल. सुमारे ८० यार्डांचा चौक, २५ फूट उंचीच्या भिंती. पण चुना नाही. लाकडी ओंडक्यांचे आडवे-उभे सांगाडे रचायचे आणि मधे दगड-माती भरायची. भूकंपाच्या प्रदेशात हे बांधकाम उत्तम, भिंत हलते पण कोसळत नाही. आगीपुढे मात्र ती चुलीतल्या सरपणासारखी. चार कोपऱ्यांवर चार बुरूज आणि नदीकडच्या वाटेवर पाचवा, पाणी राखायला. बाहेर तटाला लागूनच चिनारांची दाट बाग, तबेले, पडक्या भिंती. शत्रूला आडोसाच आडोसा. आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरून आतला चौक दिसायचा, त्यामुळे दिवसा अंगणातून चालणाऱ्यावरही गोळी यायची.

आत साडेपाचशेच्या आसपास माणसं. धान्य अर्ध्या शिध्यावर. अधिकारी आपली तट्टं मारून खात होते, शिपायांनी घोड्याच्या मांसाला हात लावला नाही, ते पिठावरच राहिले. दर शिपायामागे गोळ्या तीनशेच्या आत-बाहेर, म्हणजे उगाच एकही उडवायची नाही. पाणी रात्री नदीवरून मशकींतून. त्या वाटेवर झाकलेली गल्ली बांधून घेतली होती म्हणून पाणी तुटलं नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, इथेच खूप झालं.

मृदुला_प

वाचतेय. बेअर्डबरोबरच्या शिपायांना काहीच मिळालं नाही का?

हेमंतऋतू

मृदुला, डोली राखणाऱ्यांतल्या काहींना 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाला. हिंदी शिपायासाठी त्या काळी तोच सर्वोच्च मान. वेढ्यातल्या सगळ्या शिपायांना सहा महिन्यांचा पगार बक्षीस म्हणून दिला गेला.

तोफखाना

उत्तम सुरुवात. ७ एप्रिलच्या आगीबद्दल लिहाच. लाकडी सांगाड्याच्या भिंतीचं तुम्ही वर जे सांगितलंत, त्याचा खरा अर्थ त्या दिवशी कळतो.

हेमंतऋतू

हो, तिकडेच येत होतो.

७ एप्रिलला पहाटे शत्रूने एका बाजूने मोठा गोळीबार सुरू केला, पण तो हुलकावणीचा. त्या गडबडीत काही माणसं सरपण घेऊन आग्नेयेच्या बुरुजाच्या पायथ्याशी पोचली आणि आग लावली. ओंडके पेटले. वारा होता. आग विझवायची तर वरून वाकून पाणी ओतायचं, आणि वाकलं की बाहेरच्या ज्वाळांच्या उजेडात डोकं स्पष्ट दिसायचं. रॉबर्टसनच्या खांद्याला गोळी लागली ती इथेच. शिपायांनी मशकींनी पाणी आणि अंगरख्याच्या ओच्यात भरून माती टाकली. आग भिंतीच्या पोटात शिरली होती, ओंडक्यांच्या फटींमधून आत धुमसत होती, त्यामुळे बाहेरून विझली तरी परत डोकं काढायची. आतून भिंतीला भोकं पाडून पाणी सोडावं लागलं. कित्येक तासांनी ती आटोक्यात आली.

त्यानंतर तटावर मातीचे ढीग आणि पाण्याने भरलेल्या मशकी कायमच्या ठेवल्या गेल्या, आग विझवायच्या तुकड्या वेगळ्या नेमल्या. रात्री तटाबाहेर उजेड पडावा म्हणून पाइनच्या ढलप्यांचे पेटते गोळे टाकायची व्यवस्था झाली.

मग आलं भुयार. वेढा घालणारे रात्री-रात्री बागेतल्या उन्हाळी बंगल्यात ढोल आणि सनया वाजवू लागले. इतका दंगा कशाला, हा प्रश्न आतल्यांना पडलाच. १६ एप्रिलच्या रात्री बुरुजातल्या पहारेकऱ्याला जमिनीखालून कुदळीचा आवाज आला. ढोल तो आवाज लपवायला होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला हार्ली शंभर शिपाई घेऊन पूर्वेच्या दारातून बाहेर पडला: ४० शीख, ६० काश्मिरी. हुकूम असा की गोळी झाडायची नाही, धावत जायचं आणि संगीन चालवायची. उन्हाळी बंगला हातात आला. भुयाराचं तोंड बागेच्या भिंतीमागे सापडलं. आत तीसेक माणसं होती, ती बाहेर येता येता तोंडाशीच संगिनींनी मारली गेली. वाचायला सगळ्यात जड जाणारा भाग हाच आहे, आणि तो गाळून वेढ्याची गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. मग बारुदाच्या थैल्या आत ठेवून भुयार उडवलं. ते पूर्ण लांबीभर बसलं आणि तेव्हा दिसलं की ते बुरुजाच्या पायापासून दहा फुटांच्या आत आलं होतं. तासाभराच्या या कामात शंभरांतले एकवीसजण ठार किंवा जखमी झाले.

१८ तारखेच्या रात्री तटाबाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं की शेर अफझल पळाला. सकाळी मोर्चे रिकामे होते. २० एप्रिलला गिलगितहून मदतीला निघालेल्या कर्नल केलीची तुकडी पोचली.

बाणकोट

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट खटकते ती लिहितो. आपण हे सगळं वाचताना आपोआप किल्ल्याच्या आतल्यांच्या बाजूने उभे राहतो. बाहेर कोण होतं? चित्राळी लोक, ज्यांच्या राजाच्या किल्ल्यात परकी फौज न विचारता शिरून बसली होती आणि गादीवर कोण बसणार हे ठरवत होती. भुयारात संगिनीने मेलेली तीस माणसं आपल्याच गावात मेली. शीख आणि डोगरे शूर होते, पण ते लढले कुणासाठी? आपल्या शिपायांच्या शौर्याचा अभिमान आणि साम्राज्याच्या कामाचा अभिमान यांची गल्लत होऊ नये.

हेमंतऋतू

बाणकोट, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आणि तो इथे येणं गरजेचंच होतं. गादीचा तंटा चित्राळचा होता. इंग्रजांनी त्यात उडी घेतली ती खिंडींसाठी. उमरा खानही बाहेरचाच, तेव्हा चित्राळी माणूस दोन परक्यांच्या मधे सापडला होता हेही खरं. चित्राळींमधलेही काहीजण किल्ल्यात होते, बरेचसे बाहेर होते, आणि शेर अफझलच्या बाजूला जाताना कित्येकांच्या मनात भीती, नातं, हिशोब असं सगळं एकत्र असणार.

शिपायांच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन: काश्मिरी पलटणी महाराजा प्रताप सिंगांच्या तिजोरीतून पोसल्या जात होत्या. १८८९ मध्ये 'इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स' योजना आली, तिच्यात संस्थानांनी आपल्या खर्चाने पलटणी ठेवायच्या आणि गरजेला त्या साम्राज्याने वापरायच्या. पैसा जम्मूचा, माणसं जम्मूची, धोरण कलकत्त्याचं. त्या शिपायाला निवड कितपत होती?

पायवाट

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गिलगितला जी फौज ठेवली होती तिचा दाणागोटा काश्मीरच्या खोऱ्यातून बुर्झिल खिंडीवरून पाठीवर जायचा, आणि तो वाहायला खेड्यांतून वेठीला माणसं धरून नेत. काश्मिरी शेतकऱ्यासाठी गिलगितची बेगार म्हणजे मरणाचं बोलावणं होतं, गावंच्या गावं त्या भीतीने ओस पडायची. किल्ला राखला कुणी, असा प्रश्न असेल तर पीठ वाहणारा काश्मिरी हमालही त्यात धरा. त्याला बक्षीस नाही, पदक नाही, पगारही बहुतेक वेळा नाही.

मृदुला_प

पायवाट, हे ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

हेमंतऋतू, केलीच्या कूचबद्दल सविस्तर लिहाल का? माझ्या आजोबांच्या संग्रहात एक जुना नकाशा आहे, त्यात गिलगित ते चित्राळ ही वाट तुटक रेषेने दाखवलीय. ती रेष बघून एवढं बर्फ डोळ्यासमोर येत नाही.

हेमंतऋतू

लिहितो, कारण माझ्या मते किल्ला सुटला तो या वाटेवर.

चित्राळ सोडवायला दोन फौजा निघाल्या. दक्षिणेकडून नौशेराहून मेजर जनरल लो यांच्या हाताखाली सुमारे १५,००० सैन्य. ३ एप्रिलला त्यांनी मलकंदची खिंड जिंकली, मग पंजकोऱ्याच्या पुराने पूल वाहून गेला आणि पलीकडे एकटी पडलेली गाइड्स पलटण लढत लढत मागे आली. लोवारी ओलांडून ही फौज पोचेपर्यंत वेढा उठून गेला होता. पण उमरा खान तिच्यामुळेच दक्षिणेत अडकून पडला, हे विसरून चालणार नाही.

पूर्वेकडून, गिलगितहून, लेफ्टनंट कर्नल जेम्स केली निघाला २३ मार्चला. बरोबर ३२व्या पंजाब पायोनियर्सचे चारशे शिपाई, काश्मीर माउंटन बॅटरीच्या दोन तोफा, काश्मीरचे सॅपर्स (लष्करी बांधकाम करणारे), हुंझा-नगर आणि पुनियालचे स्थानिक लढवय्ये. अंतर सुमारे ३५० किलोमीटर.

पायोनियर्स म्हणजे मुख्यतः रस्ते बांधणारी पलटण. हे शिपाई मजहबी शीख होते, म्हणजे गावगाड्यात ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं त्या समाजातले. खांद्यावर बंदूक आणि पाठीला कुदळ-फावडं. मोठ्या लढायांच्या वर्णनांत त्यांचं नाव क्वचित येतं.

शांदूरच्या अलीकडचं शेवटचं गाव घिझर. १ एप्रिलला तिथून निघाले तर तट्टं आणि खेचरं पोटापर्यंत बर्फात रुतली. परत फिरावं लागलं. तोफा मागे ठेवायच्या, असं जवळजवळ ठरलं. तेव्हा शिपाईच पुढे आले की तोफा आम्ही नेतो. नळी वेगळी, चाकं वेगळी, गाडा वेगळा, गोळ्यांच्या पेट्या वेगळ्या. आधी घसरगाड्या करून पाहिल्या, पण जनावरांनी तुडवलेल्या अरुंद वाटेवर त्या चालेनात. मग बांबू-काठ्यांना बांधून चार-चारजणांनी खांद्यावर घेतल्या आणि ठराविक पावलांवर खांदे बदलत निघाले. वाटेवरून एक पाऊल बाहेर पडलं की माणूस कमरेपर्यंत आत. दिवसा बर्फावरची तिरीप इतकी की डोळे सुजून मिटायचे. काळे चष्मे सगळ्यांना पुरले नव्हते. रात्र उघड्यावर, बर्फातच. कित्येकांना हिमदाह झाला, कित्येकजण तात्पुरते आंधळे झाले. ५ एप्रिलपर्यंत तोफा शांदूरच्या पलीकडे होत्या.

त्या दोन छोट्या तोफांनी पुढे काय केलं? ९ एप्रिलला चकलवट आणि १३ एप्रिलला निसा गोल, दोन्ही ठिकाणी दरीच्या पलीकडे दगडी मोर्चे बांधून चित्राळी बसले होते. निसा गोल म्हणजे उभ्या कड्यांची खोल घळ. समोरून नुसती पलटण गेली असती तर कापली गेली असती. तोफांनी मोर्चे फोडले, शिपाई दोरांवरून घळीत उतरले, आणि हुंझाचे लोक बाजूच्या डोंगरावरून वर चढले. वाट मोकळी झाली. शेर अफझल पळाला तो ही वार्ता ऐकून. घिझरला तोफा मागे राहिल्या असत्या तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको.

तोफखाना

तोफा पाठीवर वाहण्याबद्दल थोडी भर. डोंगरी तोफ मुळात खेचरावर लादण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे तिचे भाग एका खेचराला झेपेल इतक्या वजनाचे. खेचराला झेपणारं ओझं चार माणसांनी ३,७०० मीटरवर, विरळ हवेत, कोवळ्या बर्फात नेणं म्हणजे दर पन्नास-शंभर पावलांवर थांबणं. उचलण्यापेक्षा उतरवताना जास्त अपघात होतात. ज्यांनी डोंगरात ओझं वाहिलंय त्यांना हे कळेल.

आणि एक: वेढ्याच्या सुरुवातीलाच मदतीच्या दोन तुकड्या याच वाटेवर संपल्या होत्या. कॅप्टन रॉसची साठेक शिखांची तुकडी कोराघच्या घळीत सापडली, रॉस आणि बहुतेक सगळे मारले गेले, लेफ्टनंट जोन्स जेमतेम पंधराजणांना घेऊन निसटला. दुसरी एडवर्ड्स आणि फाउलरची, किल्ल्यासाठी दारूगोळा घेऊन निघालेली. ती रेशुनला अडकली, मग तह करून, पोलोचा सामना दाखवून, दोघांना धरलं गेलं. केलीच्या शिपायांना हे सगळं ठाऊक होतं आणि तरी ते त्याच घळीतून गेले.

सह्यकडा

टाउनशेंडचं नाव वाचून थबकलो. हा तोच का, कुत-अल-अमाराचा?

हेमंतऋतू

तोच. चित्राळच्या बचावाने त्याचं नाव झालं. वीस वर्षांनी मेसोपोटेमियात तो सहाव्या पुणे डिव्हिजनचा सेनापती होता. डिसेंबर १९१५ मध्ये कुतला तुर्कांनी त्याला वेढलं, १४७ दिवस वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती दिली. माझा अंदाज असा की 'आत बसून राहू, मदत येईल' हा चित्राळचा अनुभव त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. चित्राळला मदत आणणारे पायोनियर्स होते. कुतला मदतीच्या फौजा वाटेतच हजारोंनी मेल्या.

सह्यकडा

मग आपल्यासाठी हे आणखी जवळचं आहे. कुतच्या वेढ्यात १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. तिथेही शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि बऱ्याच हिंदी शिपायांनी ते खूप उशिरापर्यंत नाकारलं. चित्राळच्या अर्ध्या शिध्यावरच्या शिपायांबद्दल वर वाचताना तेच आठवत होतं. शरणागतीनंतर कैदेत, वाळवंटातल्या चालीत किती गेले. आमच्याकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाचे दगड आहेत, 'या गावातून इतकी माणसं गेली' असे. त्यांतली काही माणसं चित्राळच्या त्या सेनापतीच्या हाताखाली होती, हे आज प्रथमच जोडून पाहिलं.

बाणकोट

ही जोड महत्त्वाची आहे. वेढ्यानंतर चित्राळचं काय झालं? फौज राहिली की गेली?

हेमंतऋतू

लंडनमधल्या लिबरल सरकारने फौज काढून घ्यायचं ठरवलं होतं. जून १८९५ मध्ये ते सरकार पडलं, सॉल्झबरी आले आणि निर्णय फिरला. चित्राळला फौज राहिली, मलकंद-दीरवरून रस्ता राखायला चौक्या बसल्या. सरकारने मोहिमेआधी जाहीर केलं होतं की वाटेवरच्या टोळ्यांचा मुलूख घ्यायचा हेतू नाही. लोकांनी हे लक्षात ठेवलं. जुलै १८९७ मध्ये मलकंदवर उठाव झाला आणि सगळा सरहद्द प्रांत पेटला, त्याची मुळं बरीचशी या रस्त्यात आहेत. तुमचा वरचा मुद्दा इथे लागू होतो.

वेढ्यात किल्ल्यात असलेला तो पोरगा, शुजा-उल-मुल्क, १९३६ पर्यंत मेहतर होता. किल्ल्याशेजारची शाही मशीद त्यानेच १९२४ मध्ये बांधली.

पायवाट

आणि त्याचा मुलगा मता-उल-मुल्क १९४८ मध्ये, भारत-पाक युद्धात, पाकिस्तानच्या बाजूने चित्राळची फौज घेऊन बाल्टिस्तानातल्या स्कार्दूच्या वेढ्यात उतरला. आत कोण होतं? जम्मू-काश्मीर संस्थानाची सहावी इन्फन्ट्री, लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापा. फेब्रुवारीपासून १४ ऑगस्ट १९४८ पर्यंत त्यांनी स्कार्दू लढवलं, मदत पोचलीच नाही, अन्न आणि गोळ्या संपल्यावर शरण जावं लागलं. थापांना महावीर चक्र मिळालं. ज्या संस्थानाच्या शिपायांनी १८९५ मध्ये बापाला किल्ल्यात राखलं, त्याच संस्थानाच्या शिपायांना ५३ वर्षांनी मुलाने वेढलं.

मृदुला_प

हे वाचून सुन्न झाले. पायवाट, स्कार्दूवर स्वतंत्र धागा काढा, प्लीज.

चित्राळच्या या पलटणी आज कुठल्या नावाने आहेत?

हेमंतऋतू

काश्मीर संस्थानाच्या पलटणींची आजची जम्मू अँड काश्मीर रायफल्स. चित्राळचा युद्धसन्मान ती अजूनही मिरवते. १४व्या शिखांची पुढे पहिली शीख बटालियन झाली, आणि ती आता मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची चौथी बटालियन आहे. मजहबी पायोनियर्सच्या पलटणी १९३२-३३ च्या सुमाराला खर्च कमी करण्यासाठी मोडून टाकल्या गेल्या, शांदूर ओलांडणारी ३२वीसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९४१ मध्ये, त्याच समाजातून पुन्हा भरती सुरू झाली. तिचीच आज शीख लाइट इन्फन्ट्री आहे.

निसा गोलचा नकाशा मी हाताने काढतोय, दोन-चार दिवसांत इथेच डकवतो. मृदुला, तुमच्या आजोबांच्या नकाशाचा फोटो टाकता आला तर घिझर ते मस्तूज ही वाट त्यावर पडताळून पाहता येईल.